टाकीतली वाकवलेली दांडी

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे आहे. ते मीच लावलेलं. माणसानं वेळेवर निघावं एवढाच हेतू. पण घरातल्या तिघांनाही, म्हणजे मला, बायकोला आणि मुलीला, ते पुढे आहे हे पाठ आहे. त्यामुळे घड्याळाकडे पाहिलं की प्रत्येक जण मनातल्या मनात पंधरा मिनिटं वजा करतो आणि निवांत चहा पितो. इतकी वर्षं हे डोळ्यांनी पाहूनही मला शहाणपण आलं नाही. उलट तीच युक्ती मी गाडीलाही लावली.

गाडी जुनी, पांढरी, छोटी. मोताळ्याजवळच्या आमच्या गावात माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. त्या कामासाठी मी ती दुसऱ्याकडून घेतली होती. मुलगी अठराची झाली तशी तीही गाडी चालवायला शिकली. पुढच्याच महिन्यात आईला घेऊन आठवडी बाजाराला गेली आणि बाजाराच्या तोंडाशीच पेट्रोल संपून बसली. गावातल्या चार माणसांनी गाडी ढकलत पंपावर नेली. संध्याकाळपर्यंत ही बातमी माझ्या दुकानात माझ्याआधी पोचली होती. मला फार लाज वाटली आणि रागही आला. पोरीला काटा पाहायची अक्कल नाही, असं मी ठरवून टाकलं.

त्या रविवारी घरात कोणी नसताना मी मागची सीट उचलली. तिच्या खाली टाकीचं झाकण असतं. झाकणाला एक बारीक दांडी लोंबकळते आणि दांडीच्या टोकाला एक तरंगणारा डबा. पेट्रोल कमी झालं की डबा खाली जातो, दांडी खाली झुकते आणि समोरचा काटा उतरतो. एवढंच ते तंत्र. मी पकडीनं ती दांडी थोडी वाकवली. टाकीत पाच-सहा लिटर शिल्लक असतानाच काटा 'ई'वर, म्हणजे रिकाम्यावर, येऊन टेकायला लागला. त्याखाली कंपनीनं स्वतःही थोडं राखून ठेवलेलं असतं, ते वेगळं. कंपनी राखून सांगते, मग बापानं सांगितलं तर काय बिघडलं, असं मला वाटलं. मी सीट लावली, हात धुतले आणि कुणाला काही बोललो नाही.

तो साठा मी स्वतः कधी वापरला नाही. तो आहे, आणि तो फक्त मला माहीत आहे, यातच मला मोठं सुख होतं. दिवाळीनंतर टाकी भरली की काटा पहिल्यापेक्षा वर जाऊ लागला. तेव्हा मी म्हणालो, पंपावरचं माप सुधारलं वाटतं. माणूस स्वतःवर खूश असला की त्याला काहीही पटतं.

मुलगी बारावीनंतर एक वर्ष घरी बसून वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. पहिल्या खेपेला थोडक्यात हुकलं होतं. पुन्हा एक वर्ष बसायचं नाही, हे तिनंच सांगून ठेवलं होतं. या वेळी नाही झालं तर सरळ कॉलेजला नाव घालीन, म्हणाली. परीक्षा मे महिन्यात, केंद्र बुलढाण्याला, आणि दीडच्या ठोक्याला गेट बंद. एक मिनिट उशीर झाला तरी आत घेत नाहीत. वर्षभर पहाटे चारला उठणाऱ्या पोरीचं सगळं त्या गेटापाशी येऊन थांबलं होतं.

ती म्हणत होती दहाला निघू. मी म्हटलं, तासाभराचा रस्ता, उन्हात तिथं जाऊन काय करायचं? अकराला निघू. अकराला दुकानात खताची गाडी आली. माल उतरवून निघेपर्यंत पावणेबारा झाले. ती दाराशी पारदर्शक बाटली आणि प्रवेशपत्र घेऊन उभी होती, काही न बोलता. तिचं न बोलणं मला तेव्हा शांतपणा वाटला.

गाडीत बसताच तिनं काट्याकडे पाहिलं. तो 'ई'वर नव्हता, 'ई'च्याही खाली गेला होता. आदल्या दिवशी मी मालासाठी मलकापूरला जाऊन आलो होतो.

"बाबा, पेट्रोल नाही गाडीत."

"आहे."

"काटा पाहा ना."

"काट्याचं मले नको सांगू. वाटंत पंप आहे, भरून घेऊ."

मोताळ्यात शिरलो तर पुढे वरात. मे महिना, लग्नाची तिथी. डीजेच्या गाडीनं सगळा रस्ता अडवलेला, नवरदेव घोड्यावर आणि पोरं भर उन्हात नाचतायत. हॉर्न वाजवला तर एक जण काचेशी येऊन हात जोडून म्हणाला, "दोन मिनिटं, भाऊ." त्या दोन मिनिटांची पंचवीस झाली. मुलगी मांडीवरच्या प्रवेशपत्राची कड दुमडत होती, पुन्हा सरळ करत होती.

वरातीतून सुटलो तेव्हा साडेबारा होत आले होते. पुढच्या पंपावर वऱ्हाडाच्याच गाड्यांची रांग लागलेली. मी वेग कमी केला, रांग पाहिली आणि पुढे निघालो.

"बाबा!"

"अवं, हाय पेट्रोल. माह्यावर भरवसा ठेव."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग खिडकीबाहेर पाहू लागली.

राजूरचा घाट चढायला लागलो तशी गाडी एकदा अडखळली. ठसका लागावा तशी, एकच. मी गिअर बदलला. काटा थरथरत होता. मी म्हणालो, चढावर पेट्रोल मागं जाते, म्हणून काटा तसा दाखवते, सपाटीवर पाह्यजो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. दुसऱ्या वळणावर पुन्हा ठसका, मग दोन, मग इंजिन बंद. मी ब्रेक दाबला, चावी फिरवली. नुसती घरघर. पुन्हा फिरवली. घाम कानामागून मानेत उतरत होता.

"सहा लिटर आहे बे यात," मी गाडीलाच म्हणालो.

"नाही," मुलगी म्हणाली. "ते मी सरळ करून घेतलं."

"काय सरळ करून घेतलं?"

"टाकीतली दांडी. दिवाळीत. टाकी रिकामी करून डब्यानं मोजून पाच लिटर टाकले तं काटा हललाच नाही. मिस्त्रीनं उघडून पाह्यलं, दांडी वाकेल होती. त्यानं सरळ करून देली. आता काटा खरं दाखवते."

मी तिच्याकडे वळलो. "मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगत होती. तुमी म्हणले, गाडीतलं तुले काय समजते."

म्हणालो होतो. कधी, कुठे, ते आठवलं नाही, पण वाक्य माझंच होतं.

एक वाजायला पाच मिनिटं होती. टाकीत खरोखर थोडंसं उरलं होतं. पण ताट कलतं केल्यावर वरण जसं एका कडेला जमतं, तसं ते मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलं होतं आणि पेट्रोल ओढणाऱ्या नळीपर्यंत पोचत नव्हतं. गाडी वळवून तोंड उताराला केलं तर सुरू झाली असती. पण उतारावर ती खालीच जाणार, आणि बुलढाणा वर.

"खाली जाऊ, भरू, अन् परत येऊ," मी म्हणालो.

"जायले दहा मिनिटं, रांगेत दहा, वर यायले वीस," ती म्हणाली. "नाही होत." तिनं दार उघडलं, मोबाइल सीटवर ठेवला. आत नेता येत नाही ना! प्रवेशपत्र आणि बाटली घेऊन ती रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.

पहिली कार थांबली नाही. दुसरी तर हॉर्न वाजवत गेली. मी ओरडलो, कडंला हो, कडंला हो! ती हलली नाही. मग हिरव्या मिरचीची पोती भरलेलं एक पिकअप हळू झालं. म्हातारा चालवत होता, शेजारी त्याची बायको. मुलीनं फक्त "पेपर आहे, दीडला गेट बंद होते" एवढं म्हटलं. म्हातारीनं दार ढकललं आणि सरकून घेतलं. "ये वं माय, बस."

मी मागे पोत्यांवर चढायला धावलो. पण आमची गाडी ऐन वळणात उभी होती आणि खालून ट्रक घुमत येत होता. तिनं खिडकीतून हात केला. तुम्ही राहा. पिकअप वळणाआड गेलं आणि मिरचीचा तिखट वास तेवढा मागे राहिला.

दोन दुचाकीवाले थांबले. तिघांनी मिळून गाडी मागे घेत, पुढे ढकलत वळवली. तोंड उताराला झालं, चावी फिरवली आणि ती निर्लज्ज गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. खाली पंपावर वऱ्हाडी अजून होतेच. मी रांगेत उभा राहून सारखा सीटवरच्या त्या मोबाइलकडे पाहत होतो. तिनं पोचल्याचं कळवायचं म्हटलं तरी कुठून कळवणार?

केंद्रावर पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. गेट बंद. बाहेर लिंबाखाली तीन-चार मुली रडत होत्या, एकीचा बाप चौकीदाराच्या पाया पडत होता. मी जवळ जाऊन एकेक चेहरा पाहिला. आपली पोर त्यांत नाही म्हणून जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्यांच्या रडण्यावर आपला जीव भांड्यात पडतो याची शरमही वाटली. पण ती इथं नाही, यावरून ती आत आहे असंही ठरत नव्हतं. पिकअप वाटेत बंद पडलं असेल. म्हातारा भाजीबाजाराकडे वळला असेल. चौकीदाराला विचारलं, फिक्या निळ्या कुडत्यातली पोरगी पाहिली का. तो म्हणाला, "काका, सकाळपासून तीनशे पोरी गेल्या, मी कुडते पाहू का कार्ड पाहू?"

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "पोचली का टायमावर?"

"हो," मी म्हणालो. "केव्हाचीच."

फोन ठेवला आणि तीन तास त्या लिंबाखाली उभा राहिलो. बसवेना.  बायकोला आपण काय सांगितलं ते आठवलं की वाटायचं, ती आता घरी शांतपणे भाकऱ्या टाकत असेल. आणखी एक दांडी मी वाकवून ठेवली होती.

पाचनंतर गेट उघडलं. मुलींचा लोंढा बाहेर येऊ लागला. पहिले शंभर चेहरे तिचे नव्हते. गर्दी पातळ झाली.  अगदी शेवटी, रिकामी बाटली हातात धरून, ती येताना दिसली. मी तिथंच रडायला लागलो. लोकांना वाटलं असेल, पेपर यानंच दिला.

"दोन मिनिटं बाकी होते," ती म्हणाली. "आजीनं गेटापर्यंत सोडलं. नाव विचारायचं राह्यलं."

गाडीपाशी येऊन तिनं चावीसाठी हात पुढे केला. मी दिली. आम्ही बुलढाण्यातून बाहेर पडलो. मग मी म्हणालो, "दांडी मीच वाकवली होती."

"माहीत आहे."

"कसं?"

"मिस्त्री म्हणे, कोन्या येड्यानं पकडीनं वाकोली हे. आपल्या घरी पकड एकाच्याच हाती असते."

म्हणजे सहा महिने तिला माहीत होतं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"आईले काय सांगतलं?" तिनं विचारलं.

"टायमावर पोचली म्हणून."

"तुमाले तेव्हा माहीत होतं?"

"नाही."

"मंग काऊन सांगतलं?"

आईच्या काळजीपोटी, असं मी म्हणणार होतो. पण बाजाराच्या तोंडाशी गाडी बंद पडली तेव्हाही काळजीच होती आणि घड्याळातही काळजीच होती.  गाडी घाट उतरत होती. काही तरी बोलायचं म्हणून मी काट्याकडे पाहून म्हणालो, पाऊण आहे.

"उतार आहे," ती म्हणाली. "सपाटीवर पाह्यजा."

घाट संपला. शेवटचं वळण गेलं, रस्ता सरळ झाला. काटा हलत हलत खाली आला आणि अर्ध्यावर थांबला. मी दुपारी अर्धी टाकीच भरली होती.

"अर्धी," मी म्हणालो.

"हाव, अर्धी." तिनं रस्त्यावरची नजर न काढता सीटवरचा स्वतःचा मोबाइल माझ्याकडे सरकवला. "आता आईले लावा."

मी फोन लावला. पलीकडून बायकोनं कौतुकानं विचारलं, निघाले का. मी म्हणालो, "निघालो. ऐक, दुपारी मी तुले खोटं सांगतलं." आणि पकडीपासून सुरुवात केली.