मामीचा टेम्पो, मामाची कबुली

माझा मामा उत्तनजवळच्या पालीचा. 'माझा टेम्पो, माझा टेम्पो' असं तो गावभर सांगत फिरायचा. टेम्पो खरं तर मामीच्या नावावर, कारण मासळीचा धंदा तिचा. उत्तनला मासळी उचलायची मामी, भाईंदरच्या बाजारात बसायची मामी; मामा नुसता चालवायचा. पण स्टिअरिंग हातात आलं की काहींच्या अंगात मालकी चढते, तशी ती मामाच्या अंगात चढली होती.

पुतणीच्या हळदीला इथली दारू शोभणार नाही म्हणून हा शहाणा थेट दमणला गेला. घरी सांगितलं, मांडवाच्या खुर्च्या आणायला चाललोय. येताना मासळीच्या खोक्यांत बर्फाखाली बाटल्या. तपासणी नाक्यावर दारूबंदीच्या साहेबांनी खोकं उघडलं. टेम्पो जप्त झाला आणि पुतणीला हळद कोरडीच लागली.

हाल झाले ते मामीचे. मासळीच्या ओल्या पाट्या दिसल्या की रिक्षावाले थांबतच नाहीत. अर्धा दिवस उलटल्यावर ती बाजारात पोचायची तेव्हा गिऱ्हाईक उठून गेलेलं असायचं.

मी वकील, शांती नगरला राहते. पण भाचीसमोर लाज नको म्हणून मामाने मला विचारलंच नाही. कोणीतरी कानात सांगितलं, सरकारी वकिलाशी तडजोड करून गुन्हा कबूल कर, टेम्पो लगेच घरी येईल. याने सही ठोकली. कोर्टाने मामाला थोड्या दंडावर सोडलं आणि टेम्पो सरकारजमा केला.

मग आला माझ्याकडे, पापलेटं घेऊन. "पोरी, अपील टाक."

"तडजोडीने कबुली दिलीस मामा, त्यावर अपील नसतं. सही करताना वाचलं नाहीस?"

"चष्मा घरी ऱ्हायलेला."

मला हसू आलं आणि त्याचा रागही आला. कबुली याची, टेम्पो गेला तिचा! मग लक्षात आलं, वाट इथेच आहे. मामीने काहीच कबूल केलं नव्हतं. तिचं म्हणणं न ऐकता तिची गाडी सरकारजमा करणं कायद्यात बसत नव्हतं. मालकाला काही ठाऊक नव्हतं हे पटलं तर गाडी परत मिळते.

मामीच्या नावाने वरच्या कोर्टात गेलो. ठेवणीतलं लुगडं नेसून ती उभी राहिली. "सायेब, मना बोलला, खुर्च्या आनतो." 'मी बायकोपासून काय लपवत न्हाय' अशी फुशारकी मारणारा मामा मागच्या बाकावर खाली मान घालून बसला होता. मला मात्र तिचंच वाईट वाटलं. नवऱ्याने फसवलं हे चारचौघांत सांगणं सोपं नसतं.

"गाडी दिली तर चालवणार कोण?" न्यायाधीश साहेबांनी विचारलं.

"मी," मामी म्हणाली. तोवर तिने स्टिअरिंगला हातही लावला नव्हता.

टेम्पो सुटला. मामी आमच्या शांती नगरात येऊन ड्रायव्हिंग शिकली. आता मामा शेजारी बसतो, मांडीवर जेवणाचा डबा धरून. परवा मीही त्यांच्याबरोबर बाजाराला निघाले होते. वाटेत मामा हळूच म्हणाला, "रस्ता मोकला हाय. जरा मना दे ना."

मामीने गिअर बदलला. "तू कबूल केलास ना? आता अपील न्हाय."