कुत्र्यांची दावण आणि काळ्या मानेची जोडी

फौजी माणूस रजेवर येतो तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि किस्सेच जास्त. आमच्या उंब्रजच्या घरात तर ते कणगीत मावायचे नाहीत! पण माझा हणमंत आणि जावई संपतराव एकाच पलटणीतनं लडाखला गेले, एका उंच तळ्याकाठच्या चौकीवर, त्या वर्षीचे सगळे किस्से एकाच पाखराचे.

*

हणमंत तिथं लंगरात चपात्या भाजायचा. त्याचा पहिलाच फोन.

"आये, हितं करकोच्यांची जोडी हाय. तुझ्या खांद्याला लागंल एवढी उंच! मान काळीभोर, टाळूवर लाल टिकली."

"टिकली हाय म्हंजे मादी."

"न्हाई गं, नरालाबी हाय."

"मग वळखायचं कसं? जो अंड्यावर बसत न्हाई, तो बाप्या!"

"दोघंबी आळीपाळीनं बसत्यात, आये."

सून सुनंदा भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच पळत आली. "आवं, परत एकदा बोला. स्पीकरवर टाकते, समद्या आळीला ऐकू दे!"

*

संपतराव कवठे महांकाळचे. बोअरला पाणी लागलं की पेढे वाटणारं गाव! तळं बघून त्यांचा जीव वरखाली.

"मामी, नजर पोचंल तितकी पाणथळ, आन् एका गड्यानं सरी सोडल्याली न्हाई!"

"दाजी, हितं बर्फ पडतंय, ऊस कुठला?" हणमंत मागनं वरडला.

"आरं, मग कांदा तरी!"

तिथली एक मेंढरं राखणारी म्हातारी ते ऐकून हसली म्हणे. "लावा की. पण आधी पाखरांना विचारा. माझ्या आजीच्या आधीपास्नं जागा त्यांचीच हाय."

*

एकदा ती जोडी समोरासमोर पंख पसरून उड्या मारायला लागली. संपतरावांना राहवतंय होय? "ही तर लेझीम!" म्हणत तुपाचा रिकामा डबा हलगीसारखा बडवला. जोडी भुर्रकन तळ्यापल्याड!

साहेब तापला. "ती परत येईस्तवर हितंच उभा ऱ्हायचं."

अर्धा दिवस वाऱ्यात उभे! दिवस कलताना जोडी आली, तेव्हा सुटका झाली. मला म्हणाले, "मामी, माझ्या हलगीवरनं उठून जाणारी ही पहिलीच!"

*

आता हसू नका. हे माझ्याच शिकवणीचं पाप.

शेवटची भाकरी कुत्र्याला, ही आमच्या घरची रीत. हणमंतानं ती लडाखला नेली. उरल्यासुरल्या चपात्या लंगरामागं टाकायचा. तीन कुत्री होती, त्यांची बारा झाली. ती उथळ पाण्यातनं घरट्यापर्यंत गेली. दोन अंड्यांतलं एक फोडलं.

हणमंत दिवसभर जेवला नाही. "आये, माझ्याच चपात्यांवर पोसली गं ती. आता एकच अंडं उरलंय. मी कुत्री उपाशी मारू का काय?"

"का मारतूस? आपण बैलाला वैरण मोकळ्यावर टाकतो व्हय रं? दावणीला बांधून घालतो नव्हं?"

दुसऱ्या दिवशी लंगरामागं लांबलचक दोर, त्याला ओळीनं बारा कुत्री! जो बांधून घेईल त्यालाच चपाती. साहेबानं विचारलं, "ये क्या है?"

"साब, दावण."

साहेबाला शब्द कळला नाही, पण काम कळलं. जनावरांचा डॉक्टर बोलावून सगळ्यांची नसबंदी केली. रोज सकाळी जवानांच्या गिनतीनंतर कुत्र्यांची गिनती! एकदा एक कमी भरलं. संपतराव खाडकन सलाम ठोकून म्हणाले, "ग्यारा हाजिर, एक ऑपरेशन में!"

*

उरलेल्या अंड्यातनं पिल्लू बाहेर आलं. लांबूनच काढलेला फोटो आला. पिल्लू पिवळसर, हळद लागल्यासारखं! आळीतल्या बायका हणमंताची तब्येत विचारायच्या आधी पिल्लाची विचारायच्या.

दिवाळी जवळ आली, रजा मंजूर झाली. तर हा म्हणतो, "थांबतो. पिल्लू नीट उडत न्हाई अजून. मी गेलो आन् कुणी दावण सोडली तर?"

सुनंदानं माझ्या हातातनं फोनच घेतला. "तिकडच्या लेकराचं कळतंय, हिकडचं लेकरू बाप कवा येनार म्हणून दारात बसतंय, त्याचं काय?"

पलीकडनं हणमंत म्हणाला, "तू सांगशील तसं."

सुनंदानं चुलीत लाकूड सारलं. "थांबा," म्हणाली. "पर रोज फोन करायचा."

साहेबानं विचारलं, रजा पुढं का ढकलतोस? ह्यानं अर्जात लिहिलं, 'घरात पिल्लू लहान आहे.'

*

दिवाळी त्याच्याविना झाली. तळ्याच्या कडेला बर्फ धरायला लागलं, तरी पिल्लू चार हात उडायचं आणि बसायचं. रोज फोन, रोज तेच.

एक दिवस सकाळी फोन वाजला. हणमंतानं तिकडं फोन वर धरला होता. नुसता वारा आणि लांबून कर्र-कर्र, कर्र-कर्र.

"गेली," म्हणाला.

"पिल्लू?" सुनंदानं विचारलं.

"दोघांच्या मधी धरून नेलं."

तिनं डोळ्याला पदर लावला. "त्येंच्या वाटंवर आपलं गाव लागतंय का वो?"

"न्हाई गं. ती लय लांब, पार दुसरीकडं."

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि अंगणात जाऊन वर बघत उभी राहिली. शेजारची तिच्या शेजारी. पाण्याला निघालेल्या दोघी कळशी टेकवून त्यांच्यामागं.

"काय गं हाय वर?"

"आमची तिघं निघाल्यात," सुनंदा म्हणाली.