कुमुदने लपवलेल्या गोळ्या

कुमुदला घरातलं काही बाहेर गेलेलं खपत नसे. नवरा गुणवंत केंद्र सरकारच्या नोकरीत. त्याच्यामागून ती पुण्याहून दिल्लीला आली आणि फरीदाबादच्या नव्या सोसायटीत फ्लॅट घेतल्यावर तिनं आधी पडदे शिवून घेतले, मग गॅस लावला. बाई वाईट नव्हती, पण लोक काय म्हणतील या धास्तीनं अर्धी झाली होती.

धास्तीचं मोठं कारण मुलगी, रेवती. गुडगावच्या काचेच्या इमारतीत नोकरी, पगार उत्तम. पण पाळी तीन-तीन महिने यायची नाही, वजन वाढत होतं आणि हनुवटीवर केस आले होते. २००६ साली डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पीसीओएस आहे, अंडाशयाचा विकार. ड जीवनसत्त्वही फार कमी, रोज उन्हात बसायचं. पाळीसाठी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "या त्रासात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती जरा जास्त असते, या गोळ्यांनी ती आणखी वाढते. पाय सुजला तर लगेच दाखवा, आणि गोळ्यांचं आठवणीनं सांगा."

गोळ्या गर्भनिरोधक निघाल्या. "लग्नाच्या मुलीजवळ हे पाकीट? कुणी पाहिलं तर?" कुमुदनं एकेक गोळी काढून ओव्याच्या बरणीत भरली. रेवती रोज रात्री त्यातलीच एक घ्यायची. उन्हाचंही तेच. थंडीत सोसायटीतल्या बायका गच्चीवर शेंगा सोलत बसत. रेवती तिथे जाऊन टेकली की कुमुद मागोमाग हजर. "आत चल. उन्हात केस दिसतात."

"आई, यार, डॉक्टरनीच सांगितलंय ना!" म्हणत रेवती हसायची, आणि तरी आत यायची. पोर ऐकणारी होती, तेच नडलं.

जानेवारीत स्थळ आलं. मुलाची आई, सरलाताई, पुण्याहून येऊन कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात उतरल्या आणि मुलगी बघायला घरी आल्या. बाई मोकळ्या स्वभावाची. चहाचा ट्रे आणताना रेवती लंगडली. डावी पोटरी सुजून लाल झाली होती.

"काही नाही हो, बसमध्ये लागलं असेल," कुमुद घाईनं म्हणाली.

सरलाताईच उठल्या. "अहो, दाखवून तर आणू. मी येते बरोबर."

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कोई गोली-वोली चल रही है?"

सरलाताई शेजारीच होत्या, रेवतीचा हात धरून.

"बिल्कुल नहीं," कुमुद म्हणाली.

रेवतीनं आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टरांनी स्नायू दुखावला असेल म्हणून मलम लिहून दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बसच्या थांब्यावर रेवती कोसळली. पायातली गुठळी फुप्फुसात गेली होती. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं. चोवीस वर्षांची होती हो पोर! रागवायचं तरी कुणावर? कुमुदवर रागवावं, तर ती भिंतीला टेकून नुसती बसलेली, डोळ्यांत पाणीसुद्धा नाही.

सरलाताई पुन्हा भेटायला आल्या, तेव्हा कुमुदनं त्यांना आतल्या खोलीत नेलं. "पाळीसाठी तिला गोळ्या चालू होत्या. मी खोटं बोलले. तुम्ही समोर होतात म्हणून."

सरलाताई तिच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "मला बाहेर थांबा म्हणायचं होतंत. मी थांबले असते हो."

इतकं साधं वाक्य कुमुदला तेव्हा सुचलं नव्हतं. भाजी चिरताना, दूध तापवताना, आता ते तिला रोज सुचतं.