'चि.'च्या जागी 'कै.'

देशपांडे नगरातल्या एका छापखान्यात आम्ही पत्रिका डिझाइन करायचो. आमचे मालक कुणाच्याच कामाला वाईट म्हणत नसत. नाही आवडलं की चष्मा कपाळावर चढवून मला कानडी-मराठीत म्हणत, "नोडोण अक्का, अजून एकदा बघू."

एकदा तेराव्याच्या जुन्या कार्डावरच मी लग्नपत्रिका जुळवली आणि नवरदेवाच्या नावाआधी 'कै.' तसंच राहिलं. पत्रिका छापून गेल्या. मुलाचे वडील पत्रिका नाचवत आले. मालकांनी उठून हात जोडले, "माझ्या हातून झालं, अप्पा." नंतर माझ्यापुढे चहा तेवढा सरकवला.

परवा त्यांच्याच शोकसभेचं कार्ड मी केलं. नावाआधी 'कै.' लिहिलं. चारदा तपासलं. चूक नव्हती.