जावई रुसला नव्हता

आमचा ट्रक फारसा बिघडत नाही. मी तो अधूनमधून दुरुस्त करतो, एवढंच.

मेव्हणीचं लग्न होतं. महाडहून जेवणाची पातेली आणि तांदूळ सकाळीच उमरठला पोचवायचे, आणि तसंच मागे फिरून वीर स्टेशनवर मुंबईच्या पाहुण्यांना आणायला जायचं. सासऱ्यांना मीच ऐटीत सांगितलं होतं, "मामा, भाड्याची गाडी कशाला? जावय हाय ना!" (बायको सुमन तेव्हाच म्हणाली होती, "तीच तर काळजी हाय.")

पोलादपूर सोडलं आणि चढावर ट्रक थांबला. डिझेल संपलं होतं. काटा केव्हाच मोडलाय, म्हणून मी टाकीत बांबूची कामटी बुडवून डिझेल मोजतो. सकाळी ती चांगली वीतभर ओली निघाली होती. रात्रभर ती दवात पडली होती, हे मला आत्ता आठवलं.

एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून पोलादपुरातून कॅन भरून आणला. ट्रकमध्ये थांबलेली सुमन म्हणाली, "करा चालू."

"तसं नसतं. लाइनीत हवा शिरली. ती काढावी लागते."

"मिस्त्रीला बोलवूया?"

"एका स्क्रूसाठी?"

फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, हवा काढली. इथवर मी निष्णात होतो. मग स्क्रू पुन्हा घट्ट करताना वाटलं, जरा जास्तच घट्ट असावा. पान्याला लोखंडी पाइप लावला आणि अंगातलं सगळं बळ काढलं. स्क्रूचे आणि भोकाचे आटे एकदमच गेले. स्क्रू हातात आला आणि मागोमाग डिझेल.

सुमननं नवरीच्या रुखवतासाठी घेतलेला चंदनाचा साबण पिशवीतून काढून दिला. मी त्याचा तुकडा मोडून भोकात ठासला. इंजिन चालू झालं की तो बाहेर यायला बघायचा, म्हणून वर अंगठा दाबला. आमच्या ट्रकचं इंजिन केबिनमध्येच, दोन सीटांच्या मधे, म्हणून हे जमलं. स्टेअरिंगवर सुमन बसली. (तिला मीच शिकवलंय. ब्रेक उशिरा लावते.)

"मामांना सांगू नको," मी म्हटलं.

"नाय सांगत."

मांडवासमोर ट्रक उभा राहिला. इंजिन बंद केलं असतं तर पुन्हा तीच हवा, म्हणून ते घुरघुरत ठेवलं. लोक पातेली उतरवू लागले. सासूबाई भाकरतुकडा घेऊन आल्या. "उतरा, जावयबापू."

"इथंच बरा हाय, मामी."

त्यांचा चेहरा पडला. मांडवात कुजबूज सुरू झाली, जावई रुसला. कुणीतरी नारळ आणला. मी हललो नाही. टॉवेल-टोपी आली. टोपी डोक्यावर घालून घेतली, पण हललो नाही. माझी एक चुलत सासू म्हणाली, "मुंबैवाल्यांना आधी पत्रिका दिली असंल, मग काय गो होणार!" मी सुमनकडे बघितलं. तिनं शब्द दिला होता. बायकोला शब्द पाळायला नेमकी हीच वेळ सापडली होती.

शेवटी सासरे स्वतः केबिनच्या पायरीवर चढले. नवा पांढरा सदरा, लाल फेटा, डोळे पाणावलेले.

"माझं काय चुकलं, सांगा. आज लेकीच्या लग्नात नका असं करू."

"मामा, तसं काय नाय..."

त्यांनी स्वतःच्या बोटातली अंगठी काढली. "हात द्या."

मी डावा हात पुढे केला.

"शुभकार्यात डावा?" असं म्हणत त्यांनी माझा उजवा हात धरून ओढला.

साबण आधी गेला. तो त्यांच्या छातीवर आदळला. मागोमाग डिझेलची धार आली, ती फेट्यापासून सदऱ्यापर्यंत काही शिल्लक न ठेवता. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

सासऱ्यांनी आधी भोकाकडे पाहिलं, मग माझ्या अंगठ्याकडे, मग मुलीकडे. "म्हणजे रुसले नव्हते?"

"नाय ओ बाबा," सुमन म्हणाली. "दुरुस्ती करत होते."

त्यांचा जीव एवढा भांड्यात पडला की ते रागवायचंच विसरले. भात वेळेवर शिजला. मुंबईचे पाहुणे वीरहून रिक्षांनी आले आणि नवरीच्या बापाला डिझेलचा वास का येतो, असं ज्याला त्याला विचारत राहिले.

अंगठी सासऱ्यांनी तेव्हाच परत बोटात घातली. आता त्या घरच्या प्रत्येक कार्यात इतर जावयांना टॉवेल-टोपी मिळते आणि मला चंदनाच्या साबणाची वडी. मीही निमूट घेतो. मिस्त्रीनं नवे आटे पाडून नवा स्क्रू बसवलाय. मला तो जरा सैल वाटतो, पण घट्ट करायचा म्हटलं की सुमनला पाना कुठे ठेवलाय ते आठवत नाही.