शीताई आणि लॅबमधलं सिंक

माझ्या भाचीला घरात सगळे शीताई म्हणतात. लहानपणी तिचं प्रत्येक वाक्य ‘शी’ने सुरू व्हायचं. दुधावरची साय, शी. ओला टॉवेल, शी. सिंकच्या जाळीतलं खरकटं काढायला सांगितलं तर चिमट्याने काढायची आणि मग चिमटाच फेकून द्यायची. अशा मुलीने लॅब टेक्निशियनचा कोर्स निवडला, तेव्हा ही चार दिवसांत घरी बसणार, असं मी ताईला सांगून टाकलं.

पण कॉलेजात शिसारी यावी असं काही नव्हतंच, कारण तिथे काहीच नव्हतं. मायक्रोस्कोप कपाटात कुलूपबंद. वरून कुणी पाहणीला येणार असलं की बाहेर काढून पुसायचे. रक्त काढायचा सराव एका रबरी हातावर. त्याला इतकी भोकं पडली होती की सुई टोचण्याआधीच लाल पाणी गळायचं. सर मजकूर सांगायचे, मुलं मुकाट्याने उतरवून घ्यायची. ह्याला शिक्षण म्हणायचं! ऐकूनच माझं डोकं फिरायचं.

शेवटचे सहा महिने एका खासगी रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम शिकायचं होतं. तिथल्या मुख्य टेक्निशियनने सही दिली तरच परीक्षा, नाहीतर वर्ष पाण्यात. पहिल्याच सकाळी थुंकीच्या डब्या समोर आल्या आणि शीताई भडाभडा ओकली. दुसऱ्या दिवशीही तेच. पण पोरगी हटली नाही. तोंडाने श्वास घ्यायला शिकली. हळूहळू नाक मेलं आणि हात तयार झाला. पुढे पुढे तर जेवताना जंतांचं असं रसभरीत वर्णन करायची की ताई ताट सारून उठायची. मी मनातून खूश होतो.

म्हणूनच माझं रक्त तपासायला तिच्याच लॅबमध्ये दिलं. रिपोर्ट आला, साखर एकदम उत्तम. तो कागद मी चार लोकांना दाखवला आणि गोडावर आडवा हात मारायला लागलो.

काही दिवसांनी आम्ही सगळे ताईकडे बसलो असताना शीताई कामावरून आली, चेहरा पांढराफटक. त्या सकाळी ती लवकर पोचली, तर मुख्य टेक्निशियन रक्ताच्या नळ्या एकामागून एक सिंकमध्ये ओतत होता. वरून नळ सोडलेला. ती बघतच राहिली, तेव्हा तो हसला. धडधाकट माणसांचं काय निघणार आहे, उगाच केमिकल कशाला घालवायचं, आकडे अंदाजाने लिहितो, असं म्हणाला. मग तिच्या सहीचा कागद आपल्याच खणात आहे, याची आठवणही करून दिली.

“मामा, तुझंही रक्त तपासलं नाही,” ती म्हणाली. “सिंकमध्ये गेलं, त्यानेच सांगितलं.”

जंतांच्या गोष्टी ऐकत मी दोनदा वाढून घेतलं होतं, पण हा माणूस मला पचेना. भाऊजींचं मत, सही होईपर्यंत गप्प राहावं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला. ताईनेही मान डोलावली.

“सिंकची जाळी साफ कर म्हणून माझ्यामागे लागायचात ना,” शीताई म्हणाली. “आता करते, तर नको म्हणता?”

दुसऱ्या दिवशी तिने रुग्णालयाच्या प्रमुखांकडे तक्रार केली. चौकशी करू, असं ते गोड बोलले. कॉलेजने तिलाच उद्धट ठरवलं. सही गेली, वर्ष गेलं. तो मात्र आजही त्याच खुर्चीत आहे. त्या गल्लीतून जाताना मी तोंड फिरवून घेतो.

शीताईने सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये ते सहा महिने पहिल्यापासून सुरू केले. तिथे मी पुन्हा रक्त दिलं. तिने माझ्यासमोर तपासलं, आकडा पाहिला आणि दुसऱ्यांदा रक्त घेतलं. पुन्हा तपासलं. मग माझ्या खिशातून चॉकलेटचं पाकीट काढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

“शी, मामा,” ती म्हणाली आणि डोळे पुसायला आत गेली.