दोन्ही वेळा हात वर

हरिबाच्या नाटकमंडळीत नरसिंग राजाचं काम करी. उंच, काळासावळा, रुंद छातीचा गडी; पण लोक यायचे ते त्याचं रडणं बघायला. मुलगा रणात पडल्याची बातमी आली की त्याला खरोखरच भरून येई आणि पुढं बसलेल्या बाया पदर तोंडाला लावत. औरादकडच्या जत्रांत तो मराठीतून रडे, उन्हाळ्यात नागप्पाच्या कंपनीबरोबर भालकीकडं गेला की कानडीतून. दोन्ही भाषा घरच्याच. आई मराठी, बाप कानडी. हरिबा त्याला वाक्य तोंडी सांगे, आणि नरसिंग ते असं बोले की हरिबालाच वाटावं, हे आपण सांगितलंच नव्हतं.

हा मुलूख म्हैसूर राज्यात जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. तालुक्यातले पुढारी भगवानराव एका जत्रेत खेळ बघून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांची जीप नरसिंगच्या दारात उभी राहिली.

"राजाचं सोंग किती दिवस करायलास?" ते म्हणाले. "तालुका बोर्डाच्या निवडणुकीला उभा राहा. तू बोललास की लोक हलत्यात."

 जीप दारात, शेजारी गोळा झालेले, बायको सुभद्राबाई आतून चहा पाठवतेय. तो 'व्हय' म्हणून बसला.

नरसिंग सांगायला गेला तेव्हा हरिबा नाटकातल्या दाढ्यामिशा उन्हात वाळत घालत होता.

"मला सोडून कामून जायलास?"

"भगवानराव म्हणलेत."

"आन् तू काय म्हणलास?"

 नरसिंग त्याच्या पाया पडून निघून आला.

प्रचार सुरू झाला. एका ओढ्याच्या अल्याड मराठी वाडी, पल्याड कानडी वाडी. दोन्ही वाड्यांची पोरं शाळेसाठी कोसभर चालत. मराठी वाडीच्या पारावर उभं राहून नरसिंग म्हणाला, "लेकराला पहिलं अक्षर आईच्या बोलीत मिळालं न्हाई, तर ते लेकरू शाळेत पोरकं हुतंय. हितं मराठी शाळा आणीन, तवाच ह्या पारावर पुन्हा चढीन." बोलताना त्याला आई आठवली आणि डोळे भरून आले. कोंडाबाई नावाच्या म्हातारीनं पुढं होऊन त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

दुपारी ओढा ओलांडून तो पल्याड गेला. तिथं कानडीतून बोलताना त्याला बाप आठवला. पुन्हा डोळे भरले, आणि कानडी शाळेचा शब्द त्यानं तितक्याच कळकळीनं दिला. दोन्हीकडं त्याच्यावर गुलाल पडला.

सुभद्राबाई दोन्ही सभांना होती. घरी आल्यावर भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "शाळा एकच येणार म्हणत्यात. मग ह्यातलं तुमचं कंचं?"

"माझं?" नरसिंग म्हणाला. "दोन्ही मीच बोललो की."

"ते ऐकलं मी. खरं कंचं, ते विचारायलेय."

त्याला खोटं बोलल्यासारखं कुठंच वाटत नव्हतं.  ताटातली भाकरी गार झाली.

निवडून आल्यावर आठवडी बाजारात दोन्ही वाड्यांचे लोक एकमेकांना भेटले आणि शाळेचा विषय निघाला. तिथूनच ते मिळून नरसिंगच्या घरी आले. भांडायला आले होते, पण कोंडाबाईनं आधी तोंड उघडलं.

"बाबा, आमच्या पारावर रडलास, ते सोंग व्हतं का?"

"न्हाई मावशी. आईची आण."

पल्याडचे गुरुशांतप्पा पुढं सरकले. "आणि आमच्याकडं?"

"तेबी खरंच व्हतं, अण्णा."

 लबाड माणसाला शिव्या देता येतात. याला काय द्यावं कुणालाच कळेना. चहा पिऊन ते आले तसे गेले.

शाळेचा विषय बोर्डापुढं आला. पैसा एकाच शाळेपुरता. मराठी शाळेच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा, असं अध्यक्ष म्हणाले. नरसिंगनं मागं येऊन बसलेल्या भगवानरावांकडं पाहिलं. त्यांना दोन्ही वाड्यांची मतं हवी होती. ते चष्मा पुसत राहिले. नरसिंगला कोंडाबाईचा खरबरीत हात आठवला आणि त्याचा हात वर गेला. मग कानडी शाळेसाठी विचारलं. समोरच्या बाकावर गुरुशांतप्पा येऊन बसले होते. नरसिंगचा हात पुन्हा वर गेला.

सभागृहात हशा पिकला.

"नरसिंगराव, काय करायलाव हे?" अध्यक्षांनी विचारलं.

"मला कळंना झालंय, साहेब," तो म्हणाला. आजवर इतकं साधं वाक्य त्यानं चारचौघांत उच्चारलं नव्हतं.

त्याचं मत बाद झालं. उरलेली मतं समसमान पडली, विषय पुढं ढकलला गेला आणि तो पैसा एका पुलाला लागला. पोरं कोसभर चालतच राहिली. पुढच्या खेपेला भगवानरावांनी दुसरा माणूस उभा केला.

नरसिंग हरिबाकडं परत गेला. हरिबानं काही न विचारता मुकुट दिला. पण पहिल्याच खेळात मुलगा रणात पडल्याची बातमी आली, आणि नरसिंगच्या मनात आलं, हा पोरगा माझा आहे का? पाणी डोळ्यांत आलंच नाही. लोक वाट बघत राहिले. त्या जत्रेनंतर तो पुन्हा रंगमंचावर चढला नाही. बापाच्या जमिनीत तूर, ज्वारी करू लागला.

शाळा मात्र झाली. ऐंशी सालाच्या पुढंमागं, ओढ्याकाठी आधी कानडी, मग पलीकडच्या खोलीत मराठी. ती त्यानं आणली नव्हती, तरी शाळा सुटली की तो पोरं बघायला ओढ्याच्या कडेला जाऊन उभा राही.

बोर्डातली ती जुनी गोष्ट विसरून एकदा एका पक्षाची माणसं त्याला निवडणुकीला उभं राहा म्हणायला आली. तो 'व्हय' म्हणाला. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाची आली. त्यांनाही 'व्हय' म्हणाला. तिसऱ्या दिवशी दोन्ही पक्षांची माणसं एकदमच दारात आली, तेव्हा सुभद्राबाई बाहेर आली.

"कुणाकडूनबी उभं ऱ्हाणार न्हाईत ते," ती म्हणाली. "चहा घ्या आन् जावा."

माणसं गेल्यावर नरसिंगनं विचारलं, "मी दोघांना म्हणलो व्हतो का गं?"

"व्हय."

"दोघंबी चांगलं बोलत व्हते पर," तो म्हणाला, आणि वैरण टाकायला गोठ्याकडं गेला.